ती पाठ माझी नव्हती

आधीच सांगून टाकतो. मी खोटं बोलत नाही, मी वाढवून सांगतो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत शंभर माणसं, सतरा शेळ्या आणि वाजंत्रीसकट एक वऱ्हाड कोंबायचं, आणि वर ओरडायचं, "मागं सरका, मागं लई जागा हाय!" असा माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या तोंडात मागची ती लई जागा कायम राहतेच.

हिमायतनगरच्या गाडीवर असताना मी एका बाईचं बाळंतपण गाडीत केलं, ही माझी गाजलेली गोष्ट. सुरुवातीला त्या गोष्टीत एक मुलगी झाली होती. पुढं जुळं झालं. माझ्या निरोपसमारंभात तर तिळं झालं आणि त्यातल्या एकाला माझं नाव ठेवलं गेलं. खरं विचाराल तर ती बाई दवाखान्याच्या दारात आपल्या पायांनी उतरली होती. मी तिची पिशवी धरली होती, बस.

बायको म्हणायची, "तुमच्या गोष्टीला दर सालचं इन्क्रिमेंट ठरलेलं हाय."

अशा गोष्टींनी कोणाचं काही जात नाही, असं मी धरून चाललो होतो. पण त्यातल्या एका गोष्टीनं एका माणसाचं सगळं जायची वेळ आणली. ती आता सांगतो, आणि हिच्यात वाढवलेलं काही नाही. बायकोनं वाचून बघितलंय.

काही वर्षांपूर्वी मुखेडकडच्या एका गावात टीव्हीच्या एका मालिकेचं शूटिंग झालं. त्या गावानं माझी अब्रू झाकली, म्हणून मी निदान त्याचं नाव झाकतो. मालिका अशी चालली की संध्याकाळी आमच्या नांदेडच्या गल्लीत कुत्रीसुद्धा घरात जाऊन बसायची. त्यातला एक प्रसंग सगळ्यांच्या डोळ्यांत राहिला. नायिकेला सासरच्यांनी घराबाहेर काढलंय. भर उन्हात ती पाराच्या पायरीवर बसली आहे. गाव बघतंय, पण जवळ कोणी येत नाही. तेवढ्यात एक उंच, रुंद पाठीचा गडी येतो, पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या शेजारी पायरीवर ठेवतो, हात कपाळाला लावतो आणि एक शब्द न बोलता पुढं निघून जातो. कॅमेरा मागून. तोंड दिसत नाही. दिसते ती पाठ, हळूहळू लहान होत जाणारी. सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण ते मिनिट लोकांनी एकमेकांना फोनवर इतक्यांदा पाठवलं की नायिकेपेक्षा ती पाठ जास्त ओळखीची झाली. जो तो विचारायचा, "तो पाणीवाला कोण हो?"

मला माहीत होतं. त्या दिवशी मी तिथंच होतो.

शूटिंगमुळं रस्ता अडला होता आणि माझी गाडी पाराजवळ उभी होती. डोक्याला टोपी घातलेली एक मुलगी गाडीत चढली. तांब्या ठेवायचं काम ज्याला होतं तो माणूस आला नव्हता, त्यांना कोणीतरी उंच माणूस पाहिजे होता. गाडीत सगळ्यांत उंच मीच. माझी खाकी उतरवली, मला धोतर नेसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला. मी तीनदा चाललो. तिन्ही वेळा चार पावलं गेलो की मागं वळून कॅमेऱ्याकडं बघितलं. दिग्दर्शकानं हात जोडले. "मामा, पाठ पाहिजे, तोंड नको." आता तुम्हीच सांगा, जन्मभर मागचं दार बघून घंटी मारलेल्या माणसाची मान कशी गप बसायची? त्यांनी धोतर सोडवून घेतलं आणि माझ्याच गाडीतला एक प्रवासी उतरवला.

तो रोजचा प्रवासी. मुखेडला कुठल्याशा गोदामावर राखणीला जायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. उजवा हात कायम टॉवेलाखाली. तिकिटाचे सुट्टे डाव्या हातानं द्यायचा आणि देण्याआधी तोच हात एकदा कपाळाला लावायचा. मी कधी विचारलं नाही. कंडक्टर पैसे बघतो, हात बघत नाही.

तो एकदाच चालला आणि काम झालं. धोतर परत देऊन तो आपल्या जागेवर येऊन बसला, मी घंटी मारली आणि गाडी निघाली. घरी येऊन मी माझी फजिती तिखटमीठ लावून सांगितली. सगळ्यांत जास्त हसली ती माझी मुलगी. हसून हसून तिला ठसका लागला. हे लक्षात ठेवा.

दोन वर्षांनी त्याच मुलीच्या लग्नाची बैठक लातूरला होती. व्याही कॉलेजचे प्राचार्य होऊन निवृत्त झालेले, विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. घरात पुस्तकांची तीन कपाटं. बोलणं असं की वाक्याला इस्त्री केलेली. मी सोफ्याच्या कडेला बसलो होतो आणि हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. मुलीच्या शिक्षणाचं झालं, पत्रिकेचं झालं. विहीणबाई आपल्या सहज म्हणाल्या, "ती मालिका तुमच्याच भागातली ना? तो पाणी ठेवणारा माणूस! मी तर दर वेळी रडते."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "ती पाठ माझी."

बायकोच्या हातातला पोह्यांचा चमचा बशीवर वाजला. मुलीनं मान खाली घातली. मला वाटलं, हसतील, मग मीही हसेन आणि विषय संपेल. पण विहीणबाई चक्क उभ्या राहिल्या. व्याह्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदा मी सोफ्याला पाठ टेकवून बसलो.

लग्न मुलीच्या गुणांवर जमलं, त्यात माझा वाटा नाही. पण मांडवात लातूरच्या मंडळींना माझी ओळख कंडक्टर म्हणून कोणी करून दिली नाही. "हे ते पाणीवाले" असं म्हणून दिली. मला आवडलं, कशाला लपवू? पुढच्या चार वर्षांत त्या गोष्टीला चार इन्क्रिमेंटं लागली. तांब्या हातात न देता पायरीवर ठेवायची कल्पनाही माझीच झाली. मी म्हणे दिग्दर्शकाला ठणकावलं होतं, "साहेब, परक्या बाईच्या हातात पाणी देणं आमच्याकडं शोभत नाही. ठेवून सरकायचं असतं." विहीणबाई हे आपल्या महिला मंडळात सांगायच्या आणि बायका माना डोलवायच्या.

मागच्या हिवाळ्यात विहीणबाईंचा फोन आला. "व्याही, रविवारी सकाळी तयार राहा. गाडी घेऊन येतो. कुठं जायचं ते विचारू नका."

मुलीनं दुसऱ्या फोनवरून सांगितलं. त्या गावातल्या महिला बचत गटानं मालिकेच्या जागा दाखवणारी पायी फेरी सुरू केली होती. एक बाई सोबत चालते, कुठं काय झालं ते सांगते, शेवटी चहा आणि भजी. विहीणबाईंना मला घेऊन तिथं जायचं होतं.

मी गुडघे दुखवले. रक्तदाब चढवला. मालिकावाल्यांनी मला त्या गावात जायला बंदी घातली आहे, गर्दी आवरत नाही, असंही सांगून बघितलं. बायको भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "जावा की. कुठवर पळून राहणार?" आणि स्वतः मात्र आली नाही.

फेरीत पंधरा-वीस माणसं होती. आम्ही चौघं, म्हणजे व्याही, विहीणबाई, माझी मुलगी आणि मी. वाट दाखवणारी बाई चाळिशी ओलांडलेली. डोक्यावर पदर, पायांत बूट, गळ्यात छोटा स्पीकर. माझ्याकडं बघून ती थबकली. "भाऊ, तुम्हाला कुठंतरी बघितलंय."

विहीणबाई गालात हसल्या. "बघितलं असणारच. कळेल पुढं."

मी दस्ती काढून तोंड पुसायला लागलो आणि पुढचा तासभर पुसतच राहिलो.

बाई मात्र बोलायला लई तयारीची. "चला, म्होरं या. हे नायिकेचं सासर. म्होरून बंगला, मागून गोठा. भिंत थर्माकोलची होती, पहिल्याच वाऱ्यात म्हशीच्या अंगावर पडली. म्हशीनं ती अर्धी खाल्ली." लोक हसले. "हे कोर्ट. तसं सोसायटीचं गोदाम. इथं नायिकेला न्याय मिळाला अन् आम्हाला खत मिळतं. न्याय लवकर मिळाला." पुढं विहीर आली. "हिच्यात नायिकेनं जीव द्यायला उडी मारली. हिच्यात पाणीच न्हवतं. मग टँकर बोलावला, विहीर भरून घेतली, अन् मग बाईनं जीव दिला." व्याही इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. एरवी मीही त्या बाईला दाद दिली असती. हे माझंच घराणं, पण तिचा एकेक शब्द खरा होता. लोक तसेच हसत होते, आणि तिला त्यासाठी काहीच वाढवावं लागत नव्हतं.

माझी मुलगी सगळ्यांत मागं चालत होती. मी वळून बघितलं की ती चपलेकडं बघायची.

पाराजवळ आल्यावर बाईनं स्पीकर बंद केला. तिच्या चेहऱ्यावरची मस्करी कोणी पुसून घ्यावी तशी गेली. पिशवीतून तिनं कापडात गुंडाळलेला पितळी तांब्या काढला. "हा त्याच दिवशीचा. मालिकावाल्याचा तांब्या लई चमकत होता, म्हणून माझ्या घरून नेला. इथं, ह्या पायरीवर ठेवला. अन् ज्यानं ठेवला ना, तो माणूस..."

"थांबा, थांबा!" विहीणबाई पुढं झाल्या. "ते आम्ही सांगतो. तो माणूस आज इथं आलाय. हे बघा! आमचे व्याही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी फोन वर केले. पारावर बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. "कोन? ह्ये? अगं, ते तर तुजा..."

"मामा, गप बसा," बाई म्हणाली. मोठ्यानं नाही, पण म्हातारा बसला.

मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं. तांब्या तिच्या घरचा होता. म्हणजे तो माणूसही तिच्या घरचा.

ती विहीणबाईंना म्हणाली, "व्याही म्हणता, मंजे यांची लेक तुमच्याकडं?"

"ही काय, आमची सून."

बाईनं माझ्या मुलीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मुलीनं मान वर केली नाही. मग बाई माझ्याकडं वळली. "भाऊ, एक इचारू? तांब्या तिच्या हातात कामून न्हाई दिला? पायरीवर कामून ठेवला?"

इथं थांबता आलं असतं. "बाई, मी नव्हे तो," एवढंच म्हणायचं होतं. गाडी थांबवायला एक घंटी पुरते. पण व्याही बघत होते, वीस फोन बघत होते, आणि माझी जीभ रोजच्या रस्त्यावरून निघालीसुद्धा. परक्या बाईच्या हातात पाणी देणं शोभत नाही. दिग्दर्शकाला मी ठणकावलं. सगळं सांगितलं.

"अन् कपाळाला हात?"

"तो नमस्कार. समस्त स्त्रीजातीला."

टाळ्या पडल्या. "करून दाखवा ना!" कोणीतरी ओरडलं. बाईनं तांब्या माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला.

मी तो पायरीवर ठेवला. हात कपाळाला लावला. चालायला लागलो. पाचव्या पावलाला माझी मान आपोआप मागं वळली. बाई माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. त्याच हातानं मी तांब्या ठेवला होता आणि तोच कपाळाला लावला होता.

त्या क्षणी मला माझी गाडी आठवली. डाव्या हातानं पुढं केलेले सुट्टे पैसे, आणि त्याआधी कपाळाला लागणारा तोच डावा हात. ती त्याची माफी होती. उजवा चालत नाही म्हणून डाव्यानं देतोय, मनात आणू नका. नायिकेच्या हातात डाव्या हातानं पाणी द्यायला त्याला जड गेलं असणार. म्हणून त्यानं तांब्या खाली ठेवला आणि माफी मागून तो निघून गेला. त्यानं वेगळं काही केलं नव्हतं, तो रोज जसा वागायचा तसा वागला होता. आणि मी चार वर्षं त्याच्या थोट्या हाताला माझी अक्कल म्हणून खपवत होतो.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती त्याच बाईनं. "बरोबर," ती म्हणाली. "असंच."

मग गावाला उत्साह आला. आमच्याकडं पाहुणा जरा मोठा निघाला की टॉवेल-टोपी आल्याशिवाय राहत नाही. कोणीतरी दुकानातून टॉवेल, टोपी आणि नारळ आणला. मला खुर्चीत बसवलं. पारावरचा म्हातारा तोंड फिरवून बसला. बाईनं ताट धरलं. माझ्या डोक्यावर टोपी चढली तेव्हा मला वाटलं, ती डोक्यावरून घसरत घसरत गळ्यापर्यंत येईल आणि मला दिसायचं बंद होईल तर किती बरं होईल.

सगळे भज्यांकडं गेले. मी पाराशीच राहिलो. बाई तांब्या घ्यायला आली.

"आता वळखलं," ती म्हणाली. "तुम्ही गाडीवर होता. तुमच्याच गाडीनं जायचे ते."

"कुठं हायेत?"

"गेले. तीन वर्सं झाली." ती पदरानं तांब्या पुसत होती. "हात मळणीयंत्रात गेल्यापून फोटोला उभेच न्हाई राहिले. लग्नातला एक फोटो हाय, त्यात मुंडावळ्याखाली तोंड दिसंना. चालताना तेवढेच हायेत, टीव्हीतल्या त्या मिनिटात. दर रविवारी लोकायला सांगते, तवा मला बी दिसतेत."

"मग तुम्ही बोलला कामून न्हाई?"

"तुमची लेक बगितली. मान वर करंना. बापाची मान व्याह्यापुढं गेली तर लेकीनं त्या घरात कसं ऱ्हावं?" तिनं तांब्या कापडात गुंडाळला. "आजच्याला घ्या पाठ. पण माझी मला वापस द्या, भाऊ."

"हाव," मी म्हणालो.

आणि घरी येऊन तीन आठवडे काही केलं नाही. टॉवेल कपाटात ठेवला. टोपी बायकोनं उचलली, बघितली आणि माळ्यावर टाकली. विहीणबाईंनी माझं ते तांब्या ठेवणं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते कुठं कुठं गेलं देव जाणे. मला भोकरच्या एका जुन्या ड्रायव्हरनं पाठवलं, खाली हात जोडलेली आठ चित्रं. मी कोणाला काही बोललो नाही. मनाशी म्हणत होतो, विसरतील लोक.

त्या मार्गावर आता जो कंडक्टर आहे तो माझ्या हाताखाली शिकलेला. एक दिवस त्याचा फोन आला. "मास्तर, तुम्ही तर लई फेमस झालात. पण त्या बाईला लोक खोटी म्हणून राहिले. मागच्या रविवारी कोणी तरी तिच्या तोंडासमोर फोन धरला. म्हणे, बाई, मेलेल्या नवऱ्याचं नाव कामून लावता, खरा माणूस तर नांदेडचा हाय. आता ती पाराजवळ थांबतच नाही. विहिरीवरून लोकायला सरळ भज्याकडं नेती."

मी फोन ठेवला. तिच्याकडं एक मिनिट होतं, तेही मी घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरला निघालो. बायको म्हणाली, "मी येते. तुम्ही तिथं जाऊन तिसरंच काही तरी सांगाल."

दुपारची वेळ होती. व्याह्यांच्या त्याच सोफ्याच्या त्याच कडेला बसून मी सगळं सांगितलं. आणि झालं असं की त्यांनी विश्वासच ठेवला नाही! व्याही हसून विहीणबाईंना म्हणाले, "बघ, याला विनय म्हणतात. त्या बाईंचं मन राखण्यासाठी श्रेय सोडतायत." चार वर्षं मी सांगितलेली एकूण एक थाप त्या सज्जनांनी गिळली होती आणि पहिल्यांदा खरं बोललो तर ते त्यांच्या घशाखाली उतरेना.

बायको म्हणाली, "टीव्हीवर लावा ते दोन्ही."

आधी मालिकेतला प्रसंग लावला. "डावा हात बघा," मी म्हणालो. "उजवा टॉवेलाखाली आहे." मग विहीणबाईंनी काढलेलं माझं लावलं. तांब्या ठेवणारा उजवा हात. कपाळाला उजवा हात. पाचव्या पावलाला फिरलेलं माझं तोंड, अख्ख्या पडद्यावर, चोरासारखं. व्याह्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"चार वर्षं?" विहीणबाई म्हणाल्या.

माझी मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सासूकडं बघितलं. "आई, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

मला टोपी घातली तेव्हा वाटली नव्हती इतकी लाज मला त्या वाक्यानं वाटली. चार वर्षं ती त्या घरात सासूच्या तोंडून माझी थाप ऐकत होती आणि मान डोलवत होती. दुसऱ्याच्या बायकोनं तिच्यासाठी तोंड मिटलं, आणि तिला मात्र रोज माझ्यासाठी तोंड मिटावं लागत होतं.

विहीणबाईंनी टीव्ही बंद केला. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "उभे राहा. फोन समोर धरते. खरं काय ते बोला."

मी उभा राहिलो. "तो माणूस मी नाही. त्या बाईंचे यजमान होते ते. मी कंडक्टर होतो, खोटं बोललो." संपलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लहान गोष्ट. विहीणबाईंनी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली स्वतःच्या नावानं माफी लिहिली. मुलीशी मात्र त्या दिवसभर बोलल्या नाहीत. पुढं बोलायला लागल्या, पण पहिल्यासारखं नाही, असं मुलगी म्हणते. "होईल हळूहळू," असंही तीच म्हणते.

खरी गोष्ट काही फार लांब गेली नाही. त्या भोकरच्या ड्रायव्हरकडं अजून पोचलेली नाही. जुनं मात्र फिरतंय. मागच्याच महिन्यात नांदेडच्या स्टँडवर एकानं मला ओळखून वाकून नमस्कार केला. मी नाही म्हणालो, तर त्याला मी आणखीच मोठा वाटलो.

म्हणून रविवारी मुखेडची गाडी धरली आणि परत त्या गावी गेलो. फेरीच्या सगळ्यांत मागं चाललो. बाईनं मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. गोठा झाला, कोर्ट झालं, विहीर झाली. मग ती भज्यांकडं वळायला लागली.

"बाई," मी म्हणालो, "पार राहिला."

लोक थांबले. एका पोरीनं फोन काढला. "अय्या, हे तर ते पाणीवाले!"

"मी नव्हे," मी म्हणालो. "मी त्या दिवशी गाडीवर कंडक्टर होतो. तांब्या ठेवला तो यांच्या मालकांनी. मी सगळ्यांना खोटं सांगत होतो. मला तीनदा चालवलं आणि काढून टाकलं. ते एकदाच चालले." पुढं डाव्या हाताचं सांगितलं, सुट्ट्या पैशांचं सांगितलं, कपाळाचं सांगितलं. जेवढं बघितलं होतं तेवढंच. जीभ दोनदा घसरायला आली, पण आवरली. लोक माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी एकतीस वर्षांत फक्त विनातिकीट पकडलेल्या माणसाकडं वळलेली बघितली होती.

मी संपवल्यावर बाईनं पिशवीतून तांब्या काढला आणि सगळ्यांना पारापाशी नेलं. स्पीकर बंद केला. मग तिच्या माणसाची गोष्ट तिनं स्वतः सांगितली, त्याचं नाव घेऊन. मी कडेला उभा राहून ऐकली. माझ्याकडं नसलेलं पुष्कळ काही तिच्या गोष्टीत होतं.

शेवटी तिनं पारावरच्या माठातलं पाणी तांब्यात ओतलं. मला वाटलं, माझ्या हातात देईल. तिचे दोन्ही हात धड होते. तिनं तांब्या पायरीवर ठेवला आणि ती बाजूला झाली.

मी वाकून उचलला, प्यालो, परत जागेवर ठेवला. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. फाट्यापर्यंत सरळ रस्ता आहे, पारावरून शेवटपर्यंत दिसतो. सगळे बघत असणार. मी चालत गेलो आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही. बघायचं धाडसच नव्हतं.

दिग्दर्शकाला पाहिजे होतं तस्सं झालं. पण तेव्हा तिथं कॅमेरा नव्हता.